हिंदुरावांच्या गाडीची चाल

मोरिवलीच्या हिंदुराव शेलारांची पिकअप समोरून यायला लागली की रस्त्यावरची माणसं आपोआप थांबायची. हॉर्न वाजवायची गरजच पडायची नाही. गाडी आपल्या डावीकडून जाणार की उजवीकडून, हे ती अगदी अंगाशी येईपर्यंत कुणालाच सांगता यायचं नाही. हिंदुरावांनासुद्धा.

हिंदुराव मूळचे कऱ्हाडकडचे. वडील कारखान्यात कामाला म्हणून अंबरनाथला आले आणि मोरिवलीतच रुजले. हिंदुरावही त्याच कारखान्यात लागले. पुढे कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांनी ही पिकअप घेतली, तीही दुसऱ्या कुणीतरी वापरून कंटाळलेली. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून पलंग, कपाटं, सोफे उचलायचे आणि चिखलोली-बदलापूरच्या नव्या बिल्डिंगांमध्ये पोचवायचे, हा त्यांचा धंदा. धंदा बरा चालत होता. गाडी मात्र चालत नव्हती, डुलत होती.

झालं होतं असं, की स्टेअरिंगपासून चाकांपर्यंत जे दांडे आणि सांधे जातात, ते सगळे झिजून खिळखिळे झाले होते. स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना त्याचा पत्ता नसायचा. आणखी थोडं फिरवलं की चाकं झोपेतून दचकून उठल्यासारखी वळायची आणि नको तितकी वळायची. मग त्यांना परत आणायला उलटा फेरा. त्यामुळे हिंदुराव सरळ रस्त्यावरही ताक घुसळल्यासारखे सारखे हात हलवत असायचे, वर आवडीचा अभंग म्हणायचे, आणि गाडी त्या ठेक्यावर डुलत निघायची. शेजारी बसलेल्या रखमाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, गाडी डावीकडे गेली की उजवीकडे कलायच्या आणि उजवीकडे गेली की डावीकडे. आपण कललो नाही तर गाडी उलटेल, अशी त्यांची पक्की समजूत होती.

अंबरनाथच्या चौकात नवा हवालदार बदलून आला की पहिल्या आठवड्यात हिंदुरावांना अडवायचाच. खरं तर दारूच काय, खोकल्याचं औषधसुद्धा हिंदुराव आधी हुंगायचे आणि मग परत ठेवून द्यायचे. पण हवालदाराला ते कसं कळणार? शेवटी शेवटी तर ते स्वतःच गाडी बाजूला घ्यायचे, खाली उतरायचे आणि म्हणायचे, "आणा ती नळी, फुंकतो." फुंकायचे, सलाम ठोकायचे आणि डुलत पुढे जायचे.

"हिंद्या, गाडीचे सांधे गेलेत रे," असं सदू त्यांना किती वर्षं सांगत होता. सदू त्यांचा शाळेतला दोस्त. त्याचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गॅरेज.

"माझे पण गेलेत," हिंदुराव म्हणायचे. "मी चालतोय ना?"

"तू पण वाकडाच चालतोस."

"गाडीत काही खराबी नाही. रस्ता वाकडा आहे."

यावर सदू पाना आपटायचा आणि आत जायचा. असं कित्येकदा झालं होतं आणि असंच चालत राहिलं असतं. पण त्यांच्या मुलीचं, अक्षदाचं, लग्न ठरायची वेळ आली.

अक्षदा एका औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. तिथल्याच हिशेब खात्यातला उन्मेष आणि ती, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. राहिले होते उन्मेषचे वडील. बदलापूरच्या घरात बापलेक दोघंच. वडिलांचं नाव विष्णुपंत. सगळी नोकरी जकात नाक्यावर गोणी हुंगून आत काय आहे ते ओळखण्यात गेलेली, आणि निवृत्तीनंतर तेच नाक त्यांनी समाजकार्याला वाहिलं होतं. त्यांनी एक व्यसनमुक्ती मंडळ काढलं होतं. ते भेटेल त्या माणसाला कडकडून मिठी मारायचे. लोकांना वाटायचं, काय प्रेमळ माणूस! प्रत्यक्षात ते वास घ्यायचे. गळ्यात सदैव एक शिट्टी असायची. रस्त्यात कुणी वावगं वागताना दिसला की फुर्र करून वाजवायचे.

एका रविवारी सकाळी विष्णुपंत मुलाला घेऊन मोरिवलीला आले. दारातच त्यांनी हिंदुरावांना मिठी मारली, दोनदा खोल श्वास घेतला आणि प्रसन्न झाले.

"निर्मळ!" ते म्हणाले. "हल्ली असा माणूस मिळत नाही हो."

पोहे झाले, चहा आला. बोलणं छान रंगलं. हिंदुरावांना वाटलं, जमलं. एवढ्यात विष्णुपंतांनी बशी खाली ठेवली.

"तुम्ही या रस्त्याला नेहमी असता म्हणून सांगतो. गेल्याच आठवड्यात मी मरता मरता वाचलो."

"अरे देवा," रखमाबाई म्हणाल्या.

"चिखलोलीच्या जरा पुढे. मी स्कूटरवर. पुढे एक टेम्पोसारखी गाडी, तिच्यात मागे तोंड करून ठेवलेलं आरशाचं कपाट. त्या आरशात मला मीच दिसतोय. एकदा डाव्या हाताला, एकदा उजव्या हाताला! माझं मलाच कळेना मी कुठे आहे. शिट्टी वाजवायला गेलो तर आरशातलाही शिट्टी वाजवतोय. शेवटी मी सरळ काकडीवाल्याच्या ढिगात शिरलो."

हिंदुरावांनी कप हळूच खाली ठेवला. ते आरशाचं कपाट त्यांनीच पोचवलं होतं. पोचवताना त्यांनी मागे शिट्टीही ऐकली होती आणि 'आज कुणीतरी खुशीत आहे' असं म्हणून अभंगाचा पुढचा चरण घेतला होता.

"गाडीचा नंबर?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"आरशात ऊन इतकं चमकत होतं की नंबर नाही, रंग नाही, काही दिसलं नाही. पण तर्र होता तो, तर्र! बाटली संपवूनच बसला असणार. ती गाडीची चाल मी कुठेही ओळखीन." विष्णुपंतांनी मूठ आवळली. "आमच्या मंडळात सध्या मी त्याच्यावरच भाषण करतो. लोक थरारून जातात. तो माणूस एकदा हाताला लागू दे."

अक्षदाने वडिलांकडे पाहिलं. रखमाबाईंनी छताकडे पाहिलं. पिकअप घरामागे पिंपळाखाली उभी होती, म्हणून बरं.

जाताना विष्णुपंत म्हणाले, "पोरांसाठी उल्हासनगरला एक पलंग पसंत केलाय. आता तुमची गाडी घरचीच. पुढच्या रविवारी आणून द्याल का? मी येतो ना तुमच्या शेजारी बसून. गप्पाही होतील."

"या की," हिंदुराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सदूच्या गॅरेजच्या दारात उभे राहिले. सदू एका रिक्षाच्या खाली होता. त्याने फक्त डोकं बाहेर काढलं.

"काय?"

"जरा गाडी बघ."

"का? रस्ता वाकडा आहे ना?"

"सदू, मस्करी नको. अक्षदाच्या लग्नाचा सवाल आहे."

"मग बोल. तोंडाने बोल, माझ्या गाडीचे सांधे गेलेत."

हिंदुरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "गेलेत," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"गेलेत रे बाबा! माझ्या गाडीचे सांधे गेलेत!"

रस्त्यापलीकडचा इस्त्रीवाला, त्याच्याकडे कपडे घेऊन आलेला माणूस, दोघांनी टाळ्या वाजवल्या. सदू रिक्षाखालून पूर्ण बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "आता कसं."

सदूने पुढची बाजू जॅकवर घेतली आणि एक चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते हिरडीतून सुटत आलेल्या दातासारखं हललं. मग तो खाली शिरला आणि हिंदुरावांना स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. हिंदुराव फिरवत राहिले.

"फिरव ना!" खालून आवाज आला.

"फिरवतोय!"

"खोटं बोलू नको, इकडे काही हलत नाहीये!"

सांधे सोडवताना त्याने नटाची पिन काढली, नट सैल केला आणि सांध्याच्या बाजूवर हातोडीचे दणके घातले. तिसऱ्या दणक्याला सांधा टपकन सुटून त्याच्या पोटावर पडला. वरचं रबर फाटलेलं, आतलं ग्रीस वाळून खडखडीत, आणि गोळा आपल्या वाटीत असा सैल की हलवला तर वाजायचा.

नवे सांधे आणायला दोघं बाजारात टेकचंदभाईंच्या दुकानात गेले. सिंधी टेकचंदभाई या बाजारातले जुने व्यापारी. त्यांनी जुना सांधा कानाशी धरला, हलवला, डोळे मिटून ऐकला.

"साईं, इसपे गाडी चलती थी?"

"चालत होती ना," हिंदुराव म्हणाले.

टेकचंदभाईंनी हात जोडले. हिंदुरावांना नव्हे, भिंतीवरच्या झुलेलालांच्या तसबिरीला. मग आतून नवे टाय रॉडचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचे, सांधे, रबराचे बुश आणि एक दांडा काढून काउंटरवर मांडला. "असली माल. पण साईं, चलाने का भी सीखना पडेगा अब."

तेव्हा हिंदुराव हसले. हसायला नको होतं.

नवे सांधे बसले, स्टेअरिंगच्या पेटीतली ढिलाई सदूने आवळली, चाकं एका रेषेत आणून अलाइनमेंट झाली. गाडी पहिल्यांदाच सरळ उभी राहिल्यासारखी दिसत होती. सदू शेजारी बसला, हिंदुराव चालवायला बसले. त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली, नेहमीचा अभंग धरला आणि सवयीने हात घुसळायला सुरुवात केली.

यावेळी चाकं झोपलेली नव्हती. हात डावीकडे गेला की गाडी डावीकडे, हात उजवीकडे गेला की गाडी उजवीकडे, लगेच, जिथल्या तिथे. हिंदुरावांच्या हातात सोळा-सतरा वर्षांचं घुसळणं भरलेलं. गाडी सापासारखी निघाली. पानवाला दुकानात उडी मारून बसला. सदू "सोड! हात सोड!" म्हणून ओरडला, हिंदुराव "सोडला तर काय होईल?" म्हणून ओरडले, आणि तेवढ्यात गाडी गाद्यांच्या दुकानासमोर रचलेल्या फोमच्या गाद्यांमध्ये घुसली. कुठेही काही वाजलं नाही. फक्त एक मोठा सुस्कारा ऐकू आला आणि वरच्या दोन गाद्या काचेवर येऊन निवांत पडल्या.

अंधारात सदू म्हणाला, "गाडी झाली. आता तुझं काय करायचं?"

घरी रखमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी आधी अभंग बंद केला. "देव काही रागवायचा नाही, रविवारपर्यंत गप्प बसा." मग कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात त्या रोज शेजारी बसल्या आणि हिंदुरावांचा हात हलला की मनगटावर चापटी मारू लागल्या. पण हात काही ऐकेनात. रात्री झोपेतसुद्धा ते घुसळत होते. एकदा तर त्यांनी रखमाबाईंची वेणी धरून गाडी चिखलोलीपर्यंत नेली. शनिवारी सकाळी मैदानात परत तोच सापाचा नाच झाला, तेव्हा रखमाबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि नवऱ्याची दोन्ही कोपरं बरगड्यांशी घट्ट बांधली. आता हलायला उरली फक्त मनगटं. आणि काय आश्चर्य, गाडी दोरीवरून गेल्यासारखी सरळ गेली.

"बघा," रखमाबाई म्हणाल्या.

"पण वळायचं कसं?"

"हळूहळू."

रविवारी सकाळीच हिंदुरावांनी कसाबसा, रिक्षापेक्षाही हळू जात, पलंग उल्हासनगरहून मोरिवलीला आणून ठेवला. विष्णुपंत चहाला आले तोवर रखमाबाईंनी नवऱ्याला आत पट्टी बांधून वर लग्नातला कोट चढवला होता. विष्णुपंतांनी मिठी मारली. हिंदुरावांना उलट मिठी मारता येईना; ते ताठ उभे राहिले आणि फक्त पंजे हलवले.

"इतक्या उकाड्यात कोट?"

"तुमच्या मानाखातर," हिंदुराव म्हणाले. घाम नाकावरून ओघळत होता.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना डावं वळण होतं. ते हिंदुरावांनी हाताने नाही, कमरेतून घेतलं. अख्खे वाकले, डोकं जवळजवळ विष्णुपंतांच्या मांडीवर गेलं.

"काय झालं?"

"नमस्कार केला. इथे आमचा म्हसोबा आहे."

विष्णुपंतांनीही मागे वळून नमस्कार केला. मग रस्ता सरळ लागला आणि हिंदुरावांच्या जिवात जीव आला. गाडी अशी नाकासमोर चालली होती की विष्णुपंत खूश झाले. चिखलोली आली, तेव्हा त्यांनी बोटाने काकडीवाल्याची जागा दाखवली. "इथे, अगदी इथे! आणि तुमचं बघा, पोटातलं पाणी हलत नाही. असा ड्रायव्हर पाहिजे."

हिंदुरावांना बरं वाटलं आणि लाजही वाटली. असा चांगला माणूस, आणि आपण त्याला बनवतोय. हे मनात चालू असतानाच बदलापूरचं वळण आलं. उजवीकडचं. समोरून गाड्या. कमरेतून वाकायला उजवीकडे दरवाजा. हिंदुरावांनी मनगटं वळवली, गाडी जराशी वळल्यासारखी झाली आणि वळण मागे गेलं.

"अहो, वळायचं होतं."

"पुढून वळू."

पुढचंही वळण गेलं. घरं विरळ झाली, शेतं लागली.

"हिंदुराव, बदलापूर संपलं."

"हवा चांगली आहे इकडे," हिंदुराव म्हणाले.

वांगणीची पाटी आली तेव्हा मात्र विष्णुपंतांनी शिट्टी वाजवली. बंद केबिनमध्ये ती अशी वाजली की हिंदुरावांनी ब्रेकच दाबला. एका जांभळाच्या झाडाखाली गाडी थांबली. खाली एक बाई टोपलीत जांभळं घेऊन बसली होती. ती टोपलीसकट दोन हात मागे सरकली.

"मला पळवून नेताय का?" विष्णुपंतांनी विचारलं. चेष्टा नव्हती. चेहरा पांढरा पडला होता.

हिंदुराव कसेबसे खाली उतरले. "पंत, कोट काढा माझा," ते म्हणाले. "मला काढता येत नाही."

विष्णुपंतांनी कोट काढला. लुगड्याची पट्टी बघून त्यांचा आ वासला. आणि मग हिंदुरावांनी सगळं सांगितलं. आरशाचं कपाट, सांधे, गाद्या, वेणी, काहीही मागे ठेवलं नाही. "तर्र नव्हतो पंत. गाडी तर्र होती. पण तुम्ही माझ्यामुळे पडलात, हे खरं. सांगायला हवं होतं. पोरीचं मोडेल म्हणून घाबरलो."

विष्णुपंतांनी कोट खांद्यावर टाकला. जवळ आले. हिंदुरावांना वाटलं, आता कानाखाली बसणार. विष्णुपंतांनी त्यांना धरून खोल वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ते टोपलीशेजारच्या दगडावर मटकन बसले.

"म्हणजे तुम्ही खरंच प्याला नव्हता?"

"आयुष्यात नाही."

"मग माझ्या भाषणाचं काय?" विष्णुपंत जवळजवळ रडकुंडीला आले. "अहो, सगळं भाषण तुमच्यावर उभं आहे! परवा शहाडला करायचंय. लोक त्या आरशापाशी श्वास रोखतात. आता काय सांगू? टाय रॉड?"

हिंदुरावांना मनापासून वाईट वाटलं. जांभळंवाल्या बाईने न विचारता दोघांपुढे पानावर जांभळं ठेवली. दोघांनी खाल्ली. बांधलेल्या कोपरांमुळे हिंदुरावांचा हात तोंडापर्यंत पोचत नव्हता. ते जांभूळ हवेत उडवून झेलत होते. चार जांभळं हुकली, पाचवं नाकावर बसलं, आणि विष्णुपंतांना पहिल्यांदा हसू फुटलं. मग थांबेचना. हसता हसताच त्यांनी पट्टीची गाठ सोडली.

"आरसा ठेवतो," डोळे पुसत ते म्हणाले. "दारू काढतो. माणसाने आरशात स्वतःला बघावं, असं काहीतरी करतो."

"काकड्यासुद्धा ठेवा," हिंदुराव म्हणाले. "त्या चांगल्या आहेत."

परतीच्या वाटेवर विष्णुपंत शिट्टी तोंडात धरूनच बसले. हिंदुरावांचा हात विनाकारण हलला की फुर्र. सुरुवातीला तर शिट्टीला उसंत नव्हती. वांगणीची गुरं रस्ता सोडून पळाली. पण रखमाबाईंच्या चापट्यांनी जे झालं नव्हतं ते व्याह्याच्या शिट्टीने झालं. हात घाबरून जागच्या जागी बसले. बदलापूर जवळ आलं तोवर दोन शिट्ट्यांमधलं अंतर एवढं वाढलं होतं की विष्णुपंतांनी शिट्टी काढून दोन वाक्यंही बोलून घेतली. पावसाळ्याआधी साखरपुडा उरकू, असं त्यांतलं एक होतं. वळण आलं. हिंदुरावांनी हात फिरवला, गाडी वळली. एवढंच. त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी पुढच्या चौकाला उगाच एक प्रदक्षिणा घातली.

बिल्डिंगखाली उन्मेष, अक्षदा आणि रिक्षाने येऊन पोचलेल्या रखमाबाई काळजीने वाळून गेल्या होत्या. दोन्ही बाप कुठे गेले, भांडले की काय, फोन का उचलत नाहीत? पिकअप सरळ येऊन थांबली आणि दोन माणसं जांभळ्या जिभा काढून हसत उतरली. अक्षदा बघतच राहिली.

"बाबा, तुम्ही प्यालात की काय?" उन्मेषने विष्णुपंतांना विचारलं.

"तोंड सांभाळ," विष्णुपंत म्हणाले. "व्याह्यांबरोबर हवा खायला गेलो होतो. पलंग उतरव."

रखमाबाईंनी नवऱ्याची मोकळी कोपरं पाहिली. "पट्टी कुणी सोडली?"

"पंतांनी," हिंदुराव म्हणाले.

रखमाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि विष्णुपंतांकडे पाहून पहिल्यांदाच मोकळं हसल्या. मग सगळ्यांनी मिळून पलंग उचलला. तो जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकला. उन्मेष म्हणाला उभा करू, अक्षदा म्हणाली आडवा, विष्णुपंत खालून शिट्टी वाजवून काहीतरी सुचवत होते, आणि पलंगाच्या पलीकडे अडकलेले हिंदुराव ओरडून सांगत होते की आधी मला इकडून बाहेर काढा.